कर्नलमधली मेमरीची रेस: पकडायची कशी आणि मुळापासनं काढायची कशी

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त पिडणारा बग कुठला असं विचारलं तर मी डोळे झाकून सांगीन, मेमरीची रेस, म्हणजे दोघं एकाच वेळी एकाच मेमरीला हात लावतात आणि कोण आधी पोचतोय त्यावर निकाल ठरतोय. बाकीचे बग निदान समोर तरी येतात, हा टेबलावर टेस्टिंग करताना गप बसतो आणि नेमकं गिऱ्हाईकाकडं मशीन चालू असताना उठतो, आणि लॉगमध्ये नाव दिसतंय ते भलत्याच फंक्शनचं. कोल्हापुरात आता एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी लिनक्सवर चालणारे बोर्ड आणि त्यांचे ड्रायव्हर करणारी पोरं आहेत, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टपण त्याच्यावर होतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतोय, की लॉक लावलंय तरी क्रॅश का होतंय. म्हणून एक उदाहरण धरून सगळी पद्धत लिहितोय, सवडीनं वाचा.

उदाहरण असं. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत भट्टीतल्या रसाचं टेंपरेचर घेणारा यूएसबी लॉगर आहे, थर्मोकपलचं रीडिंग ड्रायव्हर दर सेकंदाला घेतोय आणि वरचा प्रोग्राम ते फाईल उघडल्यासारखं उघडून वाचतोय. शिफ्ट बदलताना कुणीतरी केबल ओढतंय. बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधीतरी मात्र अख्खा बोर्ड अडकतोय आणि पॉवर काढून घालायला लागतीय. ड्रायव्हरमध्ये म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, आहे आणि ते सगळीकडं घेतलेलंपण आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

या लेखातनं एकच गोष्ट घ्यायची असली तर ही घ्या. मेमरीच्या एका तुकड्याबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, त्याच्या आतला डेटा एका वेळी कोण बदलणार. दुसरा, तो तुकडा जिवंत किती वेळ राहणार आणि त्याला फ्री कोण करणार. लॉक पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर रेफरन्स काउंट (किती जण वापरतायत त्याची मोजणी), आरसीयू (चालू असलेले रीडर संपेपर्यंत जुनी मेमरी फ्री न करणारी कर्नलची सोय) नाहीतर "हे थांबल्याशिवाय पुढं जायचं नाही" अशी पक्की वाट बघणं. आपल्या लॉगरचं म्युटेक्स त्याच स्ट्रक्चरच्या आत बसलंय ज्याला केबल निघाली की चालणारं डिस्कनेक्ट फंक्शन केफ्री करतंय (मेमरी परत देतंय), म्हणजे वाचणारा त्या म्युटेक्सवर झोपलेला असताना म्युटेक्ससकट सगळं स्ट्रक्चर गेलं. वस्तूच्या आतलं लॉक त्या वस्तूचा जीव वाचवू शकत नाही, कितीही नीट वापरलं तरी.

आणि लॉक हातात आहे म्हणजे काम झालं असंपण नाही. डर्टी काऊ हा लिनक्सच्या सुरक्षेतला गाजलेला होल घ्या. २००७ च्या २.६.२२ कर्नलपासनं होता आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. त्यात एक थ्रेड फक्त वाचायची परवानगी असलेल्या पानावर लिहायला बघतोय, कर्नल त्याच्यासाठी पानाची प्रत बनवतंय, आणि पुढच्या फेरीत लिहिणार तेवढ्यात दुसरा थ्रेड एमॲडव्हाईज कॉल करून ती प्रत टाकून देतोय. मग लिखाण थेट मूळ फाईलच्या पानावर. दोन्ही बाजूंनी मेमरी मॅपचं लॉक घेतलेलं होतं, पण दोघांनीही रीड लॉक, आणि रीड लॉकवाले एकमेकांना अडवत नाहीत. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सनी त्याच्या ११ वर्षं आधी हाच बग बुजवायचा प्रयत्न केला होता, एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) अडचण आली म्हणून तो काढायला लागला. २०२३ चा स्टॅकरॉट नावाचा होलपण त्याच वळणाचा. ६.१ पासनं मेमरी मॅपचा हिशोब मेपल ट्री नावाच्या झाडासारख्या रचनेत आला, स्टॅक वाढवताना फक्त रीड लॉक घेऊन त्या झाडाचा नोड बदलला जायचा, जुना नोड आरसीयूकडनं फ्री व्हायचा आणि दुसरा रीडर, जो आरसीयूच्या आत नव्हता, तो जुन्याच नोडवर फिरत राहायचा. शेवटी स्टॅक वाढवायला राईट लॉक सक्तीचं केलं. एवढ्या लोकांच्या नजरेखालनं गेलेल्या कोडमध्ये हे होतंय, त्यामुळं "आमच्या ड्रायव्हरमध्ये लॉक आहे की" यावर थांबू नका, कुठलं लॉक, कशासाठी आणि किती वेळ ते विचारा.

सेटअप: दोन कर्नल बनवा

खऱ्या बोर्डावर डीबग करायला जाऊ नका. लॅपटॉपवर क्यूईएमयू (खोटं मशीन चालवणारा प्रोग्राम) मध्ये चार सीपीयू आणि दोन जीबी रॅम देऊन गेस्ट चालवा, केव्हीएम (ते मशीन वेगात चालवणारी लिनक्सची सोय) चालू ठेवा. एकच सीपीयू दिला तर निम्म्या रेस दिसणारच नाहीत. लॉगरची यूएसबी गेस्टला पास करता येते, हार्डवेअर हाताशी नसलं तर डमी एचसीडी आणि रॉ गॅजेट ही कर्नलची मॉड्यूलं वापरून खोटं डिव्हाईस उभं करता येतंय, सिझकॉलर हे बग शोधणारं टूल यूएसबीचं फझिंग (उलटसुलट इनपुट मारून बघणं) असंच करतंय.

कर्नल दोन लागतात कारण केसॅन आणि केसीसॅन ही कर्नलमधली बग पकडणारी दोन टूलं एकाच बिल्डमध्ये चालू होत नाहीत. केसॅन ४.० मध्ये, २०१५ ला आला, तो फ्री झालेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला की पकडतोय. त्याच्या जेनेरिक मोडमध्ये दर आठ बाईटमागं एक बाईट हिशोबासाठी जातोय, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा, आणि स्पीडपण चांगलाच उतरतोय. केसीसॅन ५.८ मध्ये, २०२० ला आला, तो डेटा रेस पकडतोय, म्हणजे दोन सीपीयू एकाच जागेला एकाच वेळी भिडले, त्यातला निदान एक लिहितोय आणि दोघांपैकी कुणीतरी साधा ॲक्सेस करतोय. त्याला क्लँग नाहीतर जीसीसीची ११ किंवा पुढची आवृत्ती लागते.

केसॅनच्या बिल्डमध्ये सोबत प्रूव्ह लॉकिंग म्हणजे लॉकडेप (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारा), प्रूव्ह आरसीयू, डीबग लिस्ट आणि डीबग ॲटॉमिक स्लीप हे कर्नल कॉन्फिगचे पर्याय चालू करा. डीबग इन्फो तर पाहिजेच, नाहीतर स्टॅक ट्रेसमधनं ओळ नंबर निघणार नाही. हे सगळं लावून पहिला बिल्ड जुन्या लॅपटॉपवर बराच वेळ खातोय, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतोय, तेव्हा चार्जिंग फुल्ल करून लावा.

बग हातात आणा

पहिला नियम, जोपर्यंत बग मागितल्यावर येत नाही तोपर्यंत कोडला हात लावायचा नाही. हाताने केबल ओढत बसलात तर दिवस जाईल. सिसएफएसमध्ये (डिव्हाईस आणि ड्रायव्हर फाईलींसारखे दाखवणारी कर्नलची सोय) ड्रायव्हरच्या फोल्डरात बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फाईली असतात, त्यांत डिव्हाईसचं नाव लिहिलं की केबल काढून घातल्यासारखाच डिस्कनेक्ट आणि प्रोब (डिव्हाईस लागलं की चालणारं फंक्शन) होतोय. एका शेलमध्ये हे लूपमध्ये लावा, दुसरीकडं चार प्रोसेस उघड-वाच-बंद करत ठेवा, टास्कसेटनं प्रत्येकाला वेगळा सीपीयू द्या.

तरी येईना तर खिडकी मोठी करा. रेस म्हणजे शेवटी तपासणं आणि वापरणं याच्यातली फट. रंकाळा स्टँडवर गगनबावड्याची एस्टी लागली की दोघं दोन खिडक्यांतनं एकाच रिकाम्या सीटवर रुमाल टाकतात ना, दोघांनी बघितलं तेव्हा सीट खरंच रिकामी होती, तसलं हे प्रकरण. ती फट नॅनोसेकंदांची असती, तिथं एमडिले (ठराविक वेळ नुसतं थांबवून ठेवणारं फंक्शन) घालून काही मिलिसेकंदांची करा. वाचणाऱ्यानं स्ट्रक्चरचा पॉईंटर घेतला आणि अजून म्युटेक्स मागितलेलं नाही, बरोबर तिथं. स्पिनलॉकच्या (न झोपता जागेवरच वाट बघायला लावणारं लॉक) आत असाल तर एमस्लीप अजिबात नको, तो झोपतोय, एमडिले चालेल. हा डिले फक्त पकडण्यासाठी, आणि तो वेगळ्या पॅचमध्ये जपून ठेवा कारण शेवटी परत लागणार आहे.

प्रिंटके (कर्नलमधलं प्रिंट) टाकून शोधायची सवय असेल तर इथं ती आड येते, कन्सोलवर छापायला इतका वेळ जातोय की टायमिंगच बदलतंय आणि बग लपतोय. ट्रेस प्रिंटके वापरा, तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहितोय, बराच हलका आहे. केसीसॅनच्या बिल्डमध्ये तुम्हाला डिले घालायची तेवढी गरज नाही, तोच निवडक ॲक्सेसवर वॉचपॉईंट लावून थांबतोय, डीफॉल्टला टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंद आणि इंटरप्टमध्ये २०, आणि तेवढ्यात दुसरं कोण तिथं येतंय का बघतोय. बूट पॅरामीटरनं तो वेळ वाढवता येतोय.

रिपोर्ट वाचायला शिका

इथं लोक सगळ्यात जास्त घाई करतात. आपल्या लॉगरचा केसॅन रिपोर्ट असा येतोय: स्लॅब यूज आफ्टर फ्री (फ्री झालेली मेमरी वापरली), आणि फंक्शनचं नाव म्युटेक्स लॉक. पोरं लगेच म्युटेक्सच्या कोडमध्ये शिरतात. तिथं काही नाही. स्टॅकमध्ये खाली उतरत या आणि आपल्या ड्रायव्हरचं पहिलं फंक्शन कुठलं दिसतंय ते बघा, इथं ते रीड फंक्शन.

केसॅन तीन स्टॅक देतोय आणि तिन्ही लागतात. हात कुणी लावला, मेमरी कुणी घेतली होती, आणि फ्री कुणी केली. हात लावणारा वरचा वाचणारा प्रोग्राम, मेमरी घेतली प्रोबनं, आणि फ्री करणाऱ्याच्या जागी केवर्करचं (मागं कामं उरकणाऱ्या कर्नल थ्रेडचं) नाव. केबल निघाल्याचं काम यूएसबी हबच्या वर्कक्यूमध्ये होतंय म्हणून केवर्कर, सिसएफएसमधनं अनबाइंड केलं असेल तर तिथं तुमच्या शेलचं नाव दिसेल. नुसत्या या तीन नावांवरनं अर्धी गोष्ट कळते.

मग खाली एक ओळ असती, की हा पत्ता १९२ बाईटच्या फ्री झालेल्या तुकड्यात २४ बाईट आत आहे. ही ओळ सोडू नका. पाहोल नावाचं टूल मॉड्यूलच्या फाईलवर चालवलं की स्ट्रक्चरचं प्रत्येक फील्ड कितव्या बाईटला सुरू होतंय ते छापतंय, आणि लॉगरच्या स्ट्रक्चरमध्ये २४ वर म्युटेक्स बसलंय. आता शंका राहिली नाही, फ्री झालेल्या वस्तूतलं म्युटेक्स कुणीतरी घ्यायला बघतोय. पत्त्यावरनं ओळ नंबर काढायला कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये एफॲडर२लाईन आणि डीकोड स्टॅकट्रेस ह्या दोन आहेत.

फील्डवरच्या बोर्डावर केसॅन नसतोय, तिथं नुसता ऊप्स (कर्नलचा क्रॅश मेसेज) येतोय. तेव्हा रजिस्टरमधल्या किंमती बघा. स्लबचं (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाचं) पॉयझनिंग चालू असलं की फ्री झालेली मेमरी ६बी नं भरतात, म्हणून ६बी६बी६बी६बी असा पॉईंटर दिसला की यूज आफ्टर फ्री. ५ए५ए दिसलं तर घेतलेली पण अजून न भरलेली मेमरी. ६४ बिट इंटेलवर डेड पासनं सुरू होऊन १०० किंवा १२२ वर संपणारा पत्ता दिसला तर लिस्टमधनं एकदा काढलेल्या एंट्रीला परत कुणीतरी धरलंय. आणि रेफकाउंट टी (कर्नलचा रेफरन्स मोजणारा काउंटर) ची वॉर्निंग, शून्यावर बेरीज किंवा अंडरफ्लो, ती आली तर नुसती वॉर्निंग म्हणून पुढं जाऊ नका, कर्नल तिथं काउंटर अडकवून ठेवतंय म्हणून मशीन वाचलंय, बग आहेच.

कागदावर दोन कॉलम

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवा. वहीवर डावीकडं सीपीयू शून्य, उजवीकडं सीपीयू एक, आणि वेळ वरनं खाली. डावीकडं रीडनं फाईलच्या प्रायव्हेट डेटातनं पॉईंटर घेतला, उजवीकडं डिस्कनेक्टनं म्युटेक्स घेतलं, काम केलं, सोडलं, केफ्री केलं, डावीकडं रीडनं म्युटेक्स मागितलं. क्रॅश. मग खाली एका वाक्यात लिहा की कुठला नियम मोडला: "फाईल उघडी असेपर्यंत स्ट्रक्चर जिवंत पाहिजे, पण डिस्कनेक्टला उघडी फाईल माहीतच नाही." हे वाक्य लिहिता येत नसेल तर तुम्हाला बग अजून कळलेला नाही आणि जो पॅच कराल तो फट फक्त बारीक करेल.

फट बारीक करणारे पॅच ओळखायला सोपे आहेत. केफ्री नंतर पॉईंटर नल करणं, पण दुसऱ्यानं त्याची प्रत आधीच घेतलीय. वापरायच्या आधी नल आहे का बघणं, पण बघितल्यानंतरच्या क्षणाचं काय. डिस्कनेक्टमध्ये एमस्लीप टाकून "वाचणारे संपतील" अशी आशा धरणं. व्होलाटाईल लावणं. हे टेस्टमध्ये पास होतात, म्हणून जास्त धोक्याचे.

दुरुस्ती

लॉगरसाठी चांगला नमुना कर्नलमध्येच आहे, ड्रायव्हर्सच्या यूएसबी फोल्डरातलं यूएसबी स्केलेटन, ते ओळ न ओळ वाचा. त्याच धर्तीवर:

स्ट्रक्चरमध्ये केरेफ (कर्नलचा तयार रेफरन्स काउंट) घाला. प्रोबमध्ये सुरू करा, ओपनमध्ये एक वाढवा, रिलीजमध्ये एक कमी करा, डिस्कनेक्टच्या शेवटी प्रोबचा एक कमी करा. केफ्री आता फक्त केरेफ शून्य झाल्यावरच्या फंक्शनमध्ये, बाकी कुठंही नाही. त्यामुळं केबल ओढली तरी उघड्या फाईलचा रेफरन्स आहे तोवर मेमरी राहते.

जीव वाचला, पण डिव्हाईस गेलेलं आहे हे वाचणाऱ्याला कळायला पाहिजे. त्यासाठी डिस्कनेक्टेड नावाचा फ्लॅग, जो म्युटेक्स घेऊनच लिहायचा आणि म्युटेक्स घेऊनच वाचायचा. रीडनं म्युटेक्स मिळाल्यावर पहिल्यांदा फ्लॅग बघायचा, लागलेला असेल तर लॉक सोडून ईनोडेव्ह (डिव्हाईस नाही असा एरर) परत द्यायचा. म्युटेक्स घेण्याआधी बघून उपयोग नाही.

डिस्कनेक्टमधला क्रम जिवापाड सांभाळा. आधी यूएसबी डीरजिस्टर डेव्ह, म्हणजे नवीन ओपन बंद. यूएसबी कोर ओपन चालू असताना मायनरच्या (डिव्हाईसच्या नंबरांच्या) टेबलचं रीड लॉक धरतंय आणि डीरजिस्टर राईट लॉक मागतंय, त्यामुळं अर्धवट ओपन मध्ये घुसू शकत नाही. मग म्युटेक्स घेऊन फ्लॅग लावा, म्युटेक्स सोडा. मग दर सेकंदाचं काम कॅन्सल डिलेड वर्क सिंकनं बंद करा, चालू असलेले यूआरबी (यूएसबीवर पाठवलेल्या मागण्या) किल करा, आणि सगळ्यात शेवटी केरेफ पुट.

हे कॅन्सल म्युटेक्स सोडल्यावरच का, तर ते चालू काम संपायची वाट बघतंय, आणि ते काम तेच म्युटेक्स मागतंय, म्हणजे धरून ठेवलंत तर दोघंही कायमचे अडकले. आणि फ्लॅग आधी का, तर कॅन्सल झाल्यानंतर रीडनं परत काम क्यूमध्ये टाकू नये म्हणून. क्यूमध्ये टाकणारी प्रत्येक जागा फ्लॅग बघतीय का ते सर्च करून तपासा, टायमर असेल तर तिथंपण हेच.

आता डेटाच्या बाजूचं. शेवटचं रीडिंग ६४ बिटचं आहे आणि बोर्ड ३२ बिट आर्मचा, तर ते दोन तुकड्यांत लिहिलं जातंय आणि वाचणाऱ्याला अर्धं जुनं अर्धं नवं मिळू शकतंय. रीड वन्स लावून ते जमत नाही, रीड वन्सचं काम कंपायलरनं एकदाच आणि अखंड वाचावं एवढं, तेही मशीनच्या शब्दाएवढ्या साईजपर्यंत. इथं लॉक नाहीतर सेकलॉक (मध्ये बदल झाला तर परत वाचायला लावणारं) पाहिजे. रिंग बफर असेल आणि एक लिहिणारा एक वाचणारा असेल तर लॉक न घेता चालतंय, लिहिणाऱ्यानं आधी डेटा भरायचा आणि मग स्टोअर रिलीजनं हेड (कुठंपर्यंत भरलं तो आकडा) पुढं करायचा, वाचणाऱ्यानं लोड ॲक्वायरनं हेड वाचायचा आणि मगच डेटा. दोन्ही बाजू पाहिजेत, एकाच बाजूला बॅरिअर (क्रम राखणारी सूचना) टाकला तर तो टाकला नाही असंच समजा.

बरेच लॉगर एका ग्लोबल लिस्टमध्ये असतील आणि नंबरावरनं शोधायचे असतील तर एक खास सापळा आहे. लिस्टचं लॉक घेऊन शोधलं, लॉक सोडलं, मग केरेफ गेट केलं. त्या दोन ओळींच्या मध्ये शेवटचा रेफरन्स जाऊ शकतोय. गेट लॉकच्या आतच करा, आणि लिस्टमधनं काढणं शून्य झाल्यावर होत असेल तर साधं गेट नको, केरेफ गेट अनलेस झीरो वापरा, शून्यावरनं परत जिवंत करायला परवानगी नाही. वाचणारे खूप आणि बदल क्वचित असेल तर आरसीयू लावा, तो २००२ पासनं कर्नलमध्ये आहे. लिस्टमधनं लिस्ट डेल आरसीयूनं काढा आणि केफ्री आरसीयूनं सोडा, म्हणजे चालू असलेले रीडर संपेपर्यंत मेमरी जाणार नाही. आरसीयू रीड लॉकच्या आत झोपायचं नाही, आणि बाहेर पडल्यावर तोच पॉईंटर वापरायचा असेल तर आत असतानाच रेफरन्स घ्या. मॉड्यूलनं कॉल आरसीयू वापरला असेल तर मॉड्यूल काढताना आरसीयू बॅरिअर विसरू नका, नाहीतर कॉलबॅक येईपर्यंत त्याचा कोडच मेमरीतनं गेलेला असतोय.

स्पिनलॉक इंटरप्ट हँडलरपण घेत असेल तर बाकी सगळीकडं आयआरक्यू सेव्हवालंच (इंटरप्ट बंद ठेवून घेतलेलं) वापरा, आणि त्याच्या आत जीएफपी कर्नल या नेहमीच्या फ्लॅगनं मेमरी मागू नका, ती झोपू शकते.

बुजलंय का ते तपासा

जपून ठेवलेला डिलेवाला पॅच परत लावा आणि तोच लूप चालवा. खिडकी मोठी असतानासुद्धा बग आला नाही तर दुरुस्तीला अर्थ आहे, डिले नसताना आला नाही याला काही किंमत नाही. मग डिलेची जागा बदला, आता तो डिस्कनेक्टमध्ये फ्लॅग आणि कॅन्सल यांच्या मध्ये टाका, दुरुस्तीनं नवीन फट आणलीय का ते तिथं कळतंय. लॉकडेपचा आवाज आला तर आधी तो मिटवा, आणि त्याच्यासाठी प्रत्येक आतल्या फंक्शनच्या सुरुवातीला लॉकडेप असर्ट हेल्ड टाकून ठेवा, नियम कॉमेंटमध्ये लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण हे धावताना तपासलं जातंय.

केसीसॅनच्या बिल्डवर परत चालवा. रिपोर्ट आला की रीड वन्स चिकटवून गप्प करायची घाई करू नका, त्यानं डेटा रेसचा रिपोर्ट जातोय, तर्कातली चूक जशीच्या तशी राहतीय. आणि शेवटी खऱ्या आर्म बोर्डावर, रासबेरी पाय असला तरी चालेल. इंटेल प्रोसेसर आधीचा स्टोअर आणि नंतरचा लोड एवढाच क्रम उलटा दाखवतोय, आर्म जवळजवळ काहीही उलटसुलट करू शकतोय, त्यामुळं लॅपटॉपवर आठवडाभर चाललेला रिंग बफर बोर्डावर पहिल्या तासात चुकीचं टेंपरेचर दाखवू शकतोय.

पॅच पाठवताना तो दोन कॉलमचा तक्ता तसाच कमिट मेसेजमध्ये घाला, मेंटेनरला तोच सगळ्यात आधी बघायचा असतोय. केसॅनच्या रिपोर्टमधल्या मोजक्या ओळी, मोडलेल्या नियमाचं ते एक वाक्य, आणि बग ज्या कमिटनं आणला त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं घालून फिक्सेसची ओळ. ही ओळ आणि सीसी स्टेबल (जुनी कर्नल सांभाळणाऱ्यांना प्रत) असली की जुन्या कर्नलवरच्या मशीनपर्यंत दुरुस्ती पोचायची वाट मोकळी होते, आणि फौंड्रीतला बोर्ड कधीच सगळ्यात नवीन कर्नलवर नसतोय. कुणाला पाठवायचं ते गेट मेंटेनर स्क्रिप्ट सांगती, त्याच्या आधी चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवून घ्या.